साडेतीन तुऱ्यांचे चित्र

बुधवार, १९ ऑगस्ट १९३६. सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

ही गुन्ह्याची वेळ. नोंद दुपारी पावणेतीनला होत आहे, कारण मधला वेळ जेवणात आणि संतापात गेला. दुर्दैवाने त्याच क्रमाने.

हकीकत. काल चिंचपाड्याच्या रानात मला एक वेल सापडला. पिवळसर पांढऱ्या बारीक फुलांचे लोंबते तुरे, अगदी लेससारखे. मी छत्तीस वर्षे मुलींच्या शाळेत शिकवले, त्यातली अकरा हेडमिस्ट्रेस म्हणून, आणि हे फूल एकाही क्रमिक पुस्तकात पाहिलेले नाही. त्याअर्थी ते शास्त्राला अज्ञात आहे. नाव ठरवून टाकले: सुगंधिया सातपुडेन्सिस. सुगंधा हे माझे नाव. फुलाला सुगंध नाही, पण तो प्रश्न नंतरचा.

सात तुरे ओल्या फडक्यात गुंडाळून संध्याकाळच्या पॅसेंजरने नंदुरबारला आणले. आज सकाळी आठला पितळी लोट्यात, खिडकीशी, ईझलसमोर मांडले. दहापर्यंत साडेतीन तुरे रंगवले. मग व्हरांड्यात आरामखुर्चीवर बसून, डोळे मिटून, पार्श्वभूमीच्या डोंगराचा विचार केला. साडेबारापर्यंत केला.

जेवायला बसले. भाजी निराळी होती. चांगली होती. दुसऱ्यांदा मागून घेतली आणि रुखमाबाईला, नऊ वर्षांत पहिल्यांदाच बहुधा, शाबासकी दिली.

दीडला ईझलपाशी आले. लोटा घासून पालथा घातलेला होता.

मी माझे मॉडेल खाल्ले.

त्याच दिवशी, सायंकाळी सहा.

रुखमाबाईची चौकशी केली. ही आमच्याकडची स्वयंपाकीण, चिंचपाड्याजवळच्या पाड्यावरची, वय पन्नासच्या पुढे, पश्चात्ताप शून्य. म्हणाली, "चाईना मोहर व्हता बाई. अकराना गाडीनी शिटी व्हयनी तवय खुडा."

त्यावरून वरच्या नोंदीत कोरी सोडलेली वेळ भरली. चाई म्हणजे काय, ते विचारले. वेलाचे नाव म्हणे. मी विचारले, मी रंगवीत असलेल्या वस्तूला तिने हात कसा लावला. तर तिचे म्हणणे असे: "तुमी दोन घंटा तेनासमोर बठनात. तोंड बंद, हातमा काडी. माले वाटनं उदबत्ती शे. आमनाकडे नवी भाजी आशीच आधी देवले दखाडतस, मंग खातस. देवले दखाडेल भाजी फेकी देतस का कोनी?"

म्हणजे मी कला करत होते आणि हिला वाटले मी नैवेद्य दाखवत आहे. वर म्हणते कशी, की पहिला घास माझाच असावा म्हणून ती स्वतः माझ्यानंतर जेवली. याला आता रागवायचे कसे, हे कॉन्व्हेंटमध्ये शिकवले नव्हते.

तरीही रागावले.

गुरुवार, २० ऑगस्ट.

परिस्थिती शांतपणे मांडून ठेवते.

पुण्याच्या आमच्या कॉन्व्हेंटला यंदा पन्नास वर्षे होत आहेत. माजी विद्यार्थिनींचे प्रदर्शन आहे, चित्रकलेचे आणि गृहशास्त्राचे. चित्रे मंगळवार, १५ सप्टेंबरपर्यंत पोचली पाहिजेत. मदर अगाथा, ज्यांनी आम्हाला वॉटरकलर शिकवला, अजून हयात आहेत, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. १८९७ साली त्यांनी माझ्या प्रगतिपुस्तकात ड्रॉइंगपुढे लिहिले: "सुरुवात चांगली करते." एवढेच. एकोणचाळीस वर्षे मी त्या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्याची वाट पाहते आहे.

त्यानंतर मी एकही चित्र पुरे केले नाही असे धुळ्याची प्रमिलाबाई सगळीकडे सांगते. प्रमिलाबाई माझी वर्गमैत्रीण. दर प्रदर्शनाला गुलाब पाठवते. एकच फुलदाणी, तोच गुलाब, गेली वीस वर्षे. तो अजून सुकला कसा नाही, याचे मला नवल आहे.

यंदा मी चित्र पुरे करून पाठवणार. नव्या फुलाचे, मागे डोंगर. सव्वीस दिवस आहेत. साडेतीन तुरे व डोंगर उरला आहे. दिवसाला एक तुरा धरला तरी बावीस दिवस हाताशी राहतात.

ठराव: रोज पाचला उठणे. सहाला निसर्गात फिरणे. आठ ते अकरा चित्र. लोट्यावर चिठ्ठी: "खाऊ नये."

आज पावणेआठला जाग आली. उद्यापासून.

शुक्रवार, २१ ऑगस्ट.

चिठ्ठी लावली. रुखमाबाईला वाचता येत नाही, हे लावल्यावर लक्षात आले. वाचून दाखवली. म्हणाली, लोटा रिकामाच आहे.

शनिवार, २२ ऑगस्ट.

सकाळच्या गाडीने चिंचपाडा. बरोबर घडीचे स्टूल, छत्री, रंगांची पेटी, डबा, आणि वाट दाखवायला रुखमाबाई. आरोपीला तपासावर नेण्याची पद्धत मला पसंत नाही, पण वाट तिलाच माहीत.

डोंगर ढगात होता. स्टूल मांडून तासभर वाट पाहिली. ढग एकदाच उघडला, दहा मिनिटे. तेव्हा मी डबा खात होते आणि डोंगराकडे पाठ होती. रुखमाबाईने सांगितले का नाही असे विचारले, तर म्हणे, "डोंगर काय, तठेच शे ना बाई. तो कोठे जास?"

पुढे चाईचे वेल दिसले. झाडाझाडावर. आणि प्रत्येक झाडाखाली बायका, टोपल्या घेऊन. रुखमाबाईची मावसबहीण, तिची सून, सुनेची आई. सगळ्या माझ्या सुगंधिया सातपुडेन्सिसचे तुरे खुडत होत्या. मी त्यांना थांबवून विचारले, हे फूल कोणी शोधून काढले हे माहीत आहे का. त्या हसल्या. त्यांतल्या म्हातारीने रुखमाबाईला त्यांच्या बोलीत काही विचारले. मी अर्थ विचारला. रुखमाबाई म्हणाली, बाईंना कोणी जेवायला देत नाही का, असे विचारते आहे.

एक गोष्ट स्पष्ट करून ठेवते. हजारभर बायकांना एखादी वनस्पती ठाऊक असणे आणि शास्त्राला ठाऊक असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अकरा तुरे आणले. सात चित्राला, चार राखीव.

रविवार, २३ ऑगस्ट. सकाळ.

तुरे मांडले. उजेड उत्तम. ब्रश धुतला. पेन्सिलींना टोके काढली. तेवढ्यात धाकटा भाऊ हिंमतराव ब्राह्मणपुरीहून आला. कापूस, नदी, माणसे, सगळे बरे आहे असे सांगून ईझलसमोर उभा राहिला. बराच वेळ पाहून म्हणाला, "बाजरी झकास काढी आक्का."

बाजरी नव्हे, दुर्मिळ फूल, मागे सातपुडा येणार, असे मी सांगितले. कोणत्या गावचा डोंगर, त्याने विचारले. चिंचपाड्याचा. तर हसायला लागला. "सातपुडा तापीना पल्याड शे, आक्का. मन्हा खळामाईन रोज दखास. तू दुसराच डोंगरले तेनं नाव दिधं."

माणूस दुसऱ्या इयत्तेला दोनदा बसला होता. सातपुडा हा शब्द मी व्यापक अर्थाने वापरते.

मी त्याला निसर्गनिरीक्षणाचे महत्त्व सांगितले. तो म्हणाला, "मन्हा बैल बी रोज बांधवर फुलं दखस. फरक इतलाच, तो आधी खास, मंग दखत ऱ्हास."

बुधवारची हकीकत त्याला रुखमाबाईने सांगितली असणार. दोघे ओसरीवर खुसखुसत होते.

त्याच दिवशी, दुपार.

पाहुणा घरी, घरात भाजी नाही. राखीव चार तुरे मी स्वतः काढून दिले. हा गुन्हा नाही, ही मंजुरी आहे. चार तुऱ्यांत तिघांचे होईना म्हणून लोट्यातले तीन. उरलेले चार चित्राला पुरेत, मला साडेतीनच हवे आहेत.

हिंमतरावने तीन भाकरी खाल्ल्या. मी चव शास्त्रीय दृष्टीने नोंदवली: किंचित तुरट, मागाहून गोड, लसूण थोडा कमी चालला असता.

चित्र उद्या. जेवल्यानंतर हात जड होतो.

सोमवार, २४ ऑगस्ट.

उरलेल्या चारही तुऱ्यांची फुले गळून मेजावर पडली आहेत. रुखमाबाई ती ओंजळीत गोळा करून माझ्याकडे पाहत उभी होती. मी काही बोलले नाही. मौन म्हणजे संमती नव्हे, हे इथे लिहून ठेवते.

संध्याकाळी लसूण बरोबर होता.

शनिवार, २९ ऑगस्ट.

चिंचपाडा. चौदा तुरे. डोंगर ढगात. गाडीत एका बाईने टोपली पाहून भाव विचारला.

रविवार, ३० ऑगस्ट.

ठराव: आधी चित्र, मग स्वयंपाक. रुखमाबाईला समोर बसवून बजावले. ती म्हणाली, मोहर शिळा झाला की कडवट होतो, सकाळीच करावा लागतो. यावर उपाय म्हणून आज अपवाद.

अर्धा तुरा पुरा केला. आता चार झाले. हा चौथा आधीच्या तिन्हींपेक्षा जाड आला आहे, पण निसर्गातही सगळे सारखे नसतात.

बुधवार, २ सप्टेंबर.

प्रमिलाबाईचे पत्र. तिने चित्र पाठवले सुद्धा. यंदा फुलदाणीत दोन गुलाब आहेत म्हणे. लिहिते, "तुझे पुरे होत आले असेलच." या "असेलच" मध्ये जो विषारीपणा आहे, तो फक्त मलाच कळेल.

ताबडतोब ब्रश घेतला. लोटा रिकामा. हे कुणी केले, म्हणून हाक मारणार होते. मग आठवले, काल मीच सांगितले होते, डाळ घालून कर.

शनिवार, ५ सप्टेंबर.

चिंचपाडा. पाऊस. स्टूल चिखलात रुतले, माझ्यासकट. रुखमाबाई आणि तिच्या मावसबहिणीने काढले. मावसबहीण काही म्हणाली. मी अर्थ विचारला नाही.

तुरे जाड, पिवळे पडलेले. मोहर सरत आला असे रुखमाबाईने सांगितले. शेवटचे पाच मिळाले. शपथ घेतली की यांतला एकही ताटात जाणार नाही.

रविवार, ६ सप्टेंबर.

शपथ पाळली. आज हिंमतराव आला होता, तरी पाळली. दिवसभर लोट्याजवळ बसून पहारा केला. पहारा करताना रंगवता येत नाही.

सोमवार, ७ सप्टेंबर.

रात्रीतून पाचही वाळले. आता खाण्याच्याही कामाचे नाहीत. हे फार वाईट वाटले.

शुक्रवार, ११ सप्टेंबर.

उद्या पार्सल गेलेच पाहिजे, तरच मंगळवारपर्यंत पुण्यात.

स्मरणाने पाचवा तुरा काढून पाहिला. स्मरणात फक्त भाजी येते. पुसला. आता तिथे एक करडा डाग आहे. तो धुके म्हणून चालेल. डोंगराच्या जागी पूर्ण धुके घातले. चिंचपाड्याला डोंगर असाच दिसतो, साक्षीदार आहेत.

म्हणजे चार तुरे, एक डाग आणि धुके. आधीच्या हिशेबापेक्षा अर्धा तुरा जास्तच आहे. पण चौथ्याचा खालचा अर्धा मागाहूनचा आणि जाड, त्यामुळे प्रामाणिकपणे साडेतीनच धरावेत.

बराच वेळ कागदाकडे पाहत बसले. असेच पाठवले तर मदर अगाथा काय म्हणतील, ते मला पाठ आहे. न पाठवावे तर प्रमिलाबाई म्हणेल. तेव्हा एक मार्ग सुचला. चित्र अपुरे का, याचे कारण माझ्यात नाही, ते सिद्ध करायचे. चित्रासोबत आरोपीचा कबुलीजबाब जोडायचा.

दुपारी रुखमाबाईला समोर बसवले. सांगितले, तू त्या दिवशी काय काय केलेस, ते क्रमाने सांग, काही लपवू नकोस. तिला वाटले मला भाजी शिकायची आहे. मी तो गैरसमज राहू दिला. गुन्हेगाराला सावध करू नये.

तिने लपवले नाही. वेल कोणत्या झाडावर चढतो, मोहर कोवळा कसा ओळखायचा, दांडीवरून फुले कशी ओरबाडायची, दोन पाण्यांनी धुऊन उकळी आली की पिळून कशी घ्यायची, हरभऱ्याची डाळ किती वेळ आधी भिजत घालायची, कांदा, लसूण, लाल मिरची, तेल कधी, मीठ कधी, झाकण का नाही. नवी भाजी आधी देवाला आणि मग घरातल्या मोठ्याला का. तिची आजी कसे करी आणि तिची सासू कसे बिघडवी. दोन तास बोलली. मी पृच्छा करत गेले, म्हणजे गुन्ह्याचा एकही धागा सुटू नये. सगळे स्वच्छ इंग्रजीत उतरवले. पाच पाने झाली.

लिहिता लिहिता भूक लागली, हे खरे आहे.

खाली अंगठा घेतला. तिने विचारले, "हाई पुनाले कसाले धाडतस?" मी म्हटले, न्यायासाठी. म्हणाली, "मंग लिखा का पानी पिळी टाकानं, नहीतं घसा खाजस." तेही लिहिले.

शनिवार, १२ सप्टेंबर.

पार्सल रजिस्टर करून दिले. चित्र आणि जबाब एकत्र टाचून. चित्र पातळ, जबाब जाड. पोस्टमास्तरांनी आत काय म्हणून विचारले. कला आणि पुरावा, असे सांगितले. त्यांनी "कागद" असे लिहिले.

गुरुवार, १७ सप्टेंबर.

पोचल्याची पावती आली. आता चिंता नाही. जबाब वाचल्यावर परीक्षकांच्या डोळ्यांपुढे उरलेले साडेतीन तुरे आपोआप उभे राहतील. अपूर्णतेचेही एक सौंदर्य असते. हे मदर अगाथांना चौऱ्याऐंशीव्या वर्षी कळायला हरकत नाही.

पदक मिळाल्यास करायच्या भाषणाचे मुद्दे काढले. पहिला चांगला झाला.

सोमवार, २८ सप्टेंबर.

मदर अगाथांचे पत्र, त्यांच्या स्वतःच्या हातचे, अक्षर कापरे पण टोक पूर्वीसारखेच. दोनदा वाचले. मग चष्मा पुसून पुन्हा.

लिहितात: रुखमाबाईंचे निवेदन जेवणघरात सगळ्या सिस्टर्ससमोर मोठ्याने वाचण्यात आले. इतके नेमके, इतके पुरे लिखाण त्यांनी अनेक वर्षांत पाहिले नाही. सुरुवात, मध्य आणि शेवट, काही राहिलेले नाही. गृहशास्त्र विभागाचे पहिले पारितोषिक एकमताने रुखमाबाईंना. प्रदर्शनात ते चौकटीत लावले आहे, आणि वनस्पती कशी दिसते याची प्रेक्षकांना कल्पना यावी म्हणून खाली एक छोटे रेखाटन जोडले आहे.

छोटे रेखाटन.

चित्रकलेचे पारितोषिक दोन गुलाबांना.

पारितोषिक समारंभ रविवार, ११ ऑक्टोबर. रुखमाबाईंनी अगत्याने यावे, दोन शब्द बोलावेत. "तुम्हालाही त्यांच्यासोबत दुभाषी म्हणून येता आले, तर आम्हाला फार सोयीचे होईल."

त्याच दिवशी, सायंकाळ.

रुखमाबाईला पत्र वाचून दाखवले. काही भाग गाळण्याचा विचार होता, पण ती चेहऱ्याकडे पाहत असते. तिने ऐकून घेतले, पोळपाट बाजूला ठेवला आणि म्हणाली, "पुनालोंग माले एकलीले भ्याव वाटस. तुमी संगे चला. तठे मी सांगसू, बाईनीच लिखं, बठ्ठं बरोबर लिखं."

मी म्हटले, मी येणार नाही. माझा अपमान झाला आहे.

म्हणाली, "बरं. पन लुगडं कोनतं नेसू?"

हिरवे, मी सांगितले. हे तोंडातून निघून गेले.

बुधवार, ३० सप्टेंबर. सकाळी नऊ.

मदर अगाथांना उत्तर लिहायला बसले.

पहिला मसुदा: सदर चित्र स्वतंत्र कलाकृती असून ते भाजीखाली लावणे हा कलेचा उपमर्द आहे, ते तत्काळ काढून चित्रकला विभागात लावावे. फाडला. तिथे ते गुलाबांशेजारी लागेल, आणि प्रमिलाबाई तुरे मोजेल.

दुसरा मसुदा: चौकटीतील निवेदनाचे इंग्रजी माझे आहे, हे कार्डावर नमूद व्हावे. फाडला. खाली अंगठा रुखमाबाईचा आहे आणि तो मीच घेतलेला आहे.

दरम्यान रुखमाबाईने हिरवे लुगडे धुऊन वाळत घातले आहे. माझे निळेही, न विचारता, त्याच्या शेजारी.

तिसरा मसुदा, जो आजच्या टपालाने जाईल:

"आदरणीय मदर, आपले पत्र पोचले. त्यातील कित्येक विधानांशी मी सहमत नाही. त्यांचा परामर्श समक्ष घेईन. रुखमाबाई येत आहेत. त्यांची बोली पुण्यात कोणास समजणार नाही, हे लक्षात घेऊन कर्तव्य म्हणून मी त्यांच्यासोबत येण्याचे ठरवले आहे. तथापि दुभाषीने उभे राहून बोलायचे की बसून, आणि बसून असल्यास व्यासपीठावर तिच्यासाठी खुर्ची आहे किंवा नाही, याचा आपल्या पत्रात कोठेही उल्लेख नाही. खुर्ची असल्यास ती पहिल्या ओळीत आहे की मागे, आणि प्रमिलाबाईंची कोठे आहे, हेही कळावे. या मुद्द्यांवर आपले लेखी उत्तर सोमवार, दिनांक ५ ऑक्टोबर, सायंकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हाती पडले पाहिजे. न पडल्यास खुर्ची आहे असे समजून आम्ही दोघी निघू."